नोंदवहीतला एक रकाना

सोलापुराहून अक्कलकोटास जाणारा रस्ता शहराची शेवटची वस्ती मागे टाकून दहा-बारा किलोमीटर आला म्हणजे आमचे कुंभारी गाव लागते. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातले; बोली मराठी, पण तिच्यात कानडी आणि तेलुगू शब्द इतके मुरलेले की कोणता शब्द मुळात कोणाचा, हे सांगणे आम्हांलाच अवघड जावे. स्वामी समर्थांच्या दर्शनाला पायी निघालेल्या मंडळींचा हा नेहमीचा मार्ग असल्यामुळे रस्त्याकाठच्या घरांना परक्या माणसांची सवय पूर्वापार आहे. माझ्या लहानपणी आमच्या ओसरीवर रांजण भरलेला असे, कोपऱ्यात दोन-तीन घोंगड्या आणि एक जुनी सोलापुरी चादर घडी करून ठेवलेली असे, आणि ऊन उतरल्यावर कोणी वाटसरू टेकला तर वडील त्याला एवढेच विचारीत, "कोण गाव? जेवण झालं का?"

त्या वाटसरूंपैकी दरवर्षी येणारे गिरणीतले दोन जोडीदार मला स्पष्ट आठवतात. दोघेही पन्नाशीचे, एक उंच, दुसरा पायाने किंचित अधू. ओसरीवर आल्याबरोबर उंच माणूस दुसऱ्याच्या पायांतल्या वहाणा स्वतः काढी, पिशवीतल्या बाटलीतले खोबरेल तेल तळव्यावर घेऊन त्याच्या पोटऱ्यांना चोळी, आणि मगच रांजणाकडे वळे. रात्री त्या एका चादरीवर दोघे निजत, आणि पहाटे आम्ही उठण्यापूर्वी चादरीची घडी उंबऱ्याशी ठेवून निघून जात. ते एकमेकांचे कोण, हे वडिलांनी कधी विचारले नाही आणि त्यांनीही कधी सांगितले नाही.

या न विचारण्यात मोठे औदार्य होते, असे मला पुष्कळ वर्षे वाटत आले, आजही वाटते. परंतु दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने जी हकीकत सांगितली तिच्यामुळे त्या औदार्याची दुसरी बाजू मला प्रथम दिसली. भाचा पुण्यास नोकरीला असतो. त्याचा सोबती आमच्याच गावचा, येथील विडी कामगारांच्या वसाहतीत वाढलेला. दोघे सहा वर्षे एकत्र राहतात, आणि ते एकमेकांचे कोण आहेत हे आमच्या घरी आता सर्वांना ठाऊक आहे. एका तीर्थक्षेत्री हे दोघे रात्री साडेदहाच्या सुमारास एका लॉजवर पोहोचले. कारकुनाने शिरस्त्याप्रमाणे विचारले, "दोघे भाऊ का?" आजवर प्रत्येक मुक्कामी भाचा 'मावसभाऊ' म्हणून सांगत आला होता, त्या रात्री, दिवसभराच्या प्रवासाने म्हणा किंवा सहा वर्षांच्या खोटे बोलण्याने म्हणा, तो थकलेला होता. तो म्हणाला, "नाही. हा माझा जोडीदार आहे." कारकुनाने वही मिटली, दोन्ही आधारकार्डे टेबलावरून पुढे सरकवली, आणि पाठीमागच्या फळीवर दहा-बारा किल्ल्या लटकत असताना खोली शिल्लक नसल्याचे सांगितले. ती रात्र दोघांनी एस्टी स्टँडच्या बाकावर काढली.

"मामा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात," भाचा मला म्हणाला, "आमच्यासारख्यांनी निर्धास्त मुक्काम कुठं शोधायचा, हे कुठल्या पुस्तकात आहे?" मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी जे वाचले आणि जुळवले, ते येथे मांडतो.

जुन्या काळी परमुलखात निघालेला मनुष्य एकटा क्वचितच निघे. वाटमारीचे, आजारपणाचे आणि वाट चुकण्याचे भय असल्यामुळे सोबत ही चैनीची नव्हे तर निकडीची गोष्ट होती. म्हणून दोन पुरुष मिळून वाट चालत आहेत, एका चुलीवर शिजवून खात आहेत आणि एका पथारीवर निजत आहेत, हे दृश्य कोणाच्याही नजरेत भरत नसे. विष्णुभट गोडसे १८५७ साली कोकणातल्या वरसईहून चुलत्यांबरोबर उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले, बंडाच्या वणव्यातून सुखरूप परतले, आणि त्या प्रवासाची हकीकत त्यांनी लिहून ठेवली, ती 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली छापून निघाली. त्या पुस्तकात मुक्कामामागून मुक्काम आहेत, आणि तो सर्व प्रवास दोन पुरुषांनी एकमेकांच्या आधाराने पार पाडला आहे. स्त्रियांना ही मुभा नव्हती. दोन स्त्रिया जोडीने निघाल्या तर त्या वारीतच, दिंडीच्या आश्रयाने, डोक्यावर तुळस घेऊन.

मात्र त्या काळच्या मुक्कामी प्रश्न विचारले जात नसत असे कोणी समजू नये. वेशीवर वेसकर असे. परका मनुष्य गावात शिरला की त्याची वर्दी पाटलाकडे जाई. प्रश्न होता तो नात्याचा नव्हे, जातीचा. पंढरपुरात ज्ञातिवार मठ आणि ज्ञातिवार धर्मशाळा उभ्या राहिल्या त्या याच प्रश्नाच्या उत्तरावर, आणि ज्या चोखोबांचे नाव घेतल्याशिवाय वारी पुरी होत नाही त्यांची समाधी महाद्वारासमोर, पायरीशी राहिली. तेव्हा आपल्याकडचा निवारा पूर्वी सर्वांना मोकळा होता आणि पुढे तो कोणी बंद केला, अशी सोयीची मांडणी मला करता येत नाही. दार नेहमीच कोणासाठी तरी बंद होते. कोणासाठी, एवढाच फरक काळाकाळाने पडत गेला.

दप्तरात नोंद करण्याची प्रथा इंग्रजी अमलात रुजली. १८६७ हे साल या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मुंबई इलाख्यात ग्रामपोलीस कायदा होऊन पोलीस पाटलाचे अधिकार आणि कर्तव्ये लेखी ठरली. आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने सराई कायदा केला. या कायद्याने सराई चालवणाऱ्यावर सराईची नोंदणी करण्याचे, दर लावून ठेवण्याचे, झाडलोट राखण्याचे आणि साथीच्या रोगाचा मुसाफिर आढळल्यास ठाण्यावर कळवण्याचे बंधन घातले. आणि त्याबरोबरच मॅजिस्ट्रेटने मागितल्यास, आदल्या दिवशी व रात्री सराईत कोण कोण उतरले याचा तपशील छापील नमुन्यात भरून पाठवण्याचेही. आजच्या लॉजवरच्या त्या लांबलचक वहीची वंशावळ शोधू गेल्यास या छापील नमुन्यापर्यंत जाता येते. नाव, वय, कोठून आले, कोठे जाणार, येण्याचे कारण, असे एकामागून एक रकाने वाढत गेले. आणि त्यांत केव्हातरी 'सोबतच्या व्यक्तीशी नाते' हा रकाना येऊन बसला. ओसरीवरचा यजमान जे विचारीत नसे, ते आता वही विचारू लागली. आणि यजमानापुढे गप्प राहता येते तसे वहीपुढे राहता येत नाही, काहीतरी लिहावेच लागते.

त्या सुमारास दुसरा एक कायदा अमलात येऊन पाच वर्षे झाली होती. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली ज्या दंडसंहितेचा मसुदा केला ती १८६० साली मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली, आणि तिच्या ३७७ व्या कलमाने दोन पुरुषांमधील शरीरसंबंध 'निसर्गक्रमाविरुद्ध' ठरवून त्यास जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली. या कलमाखाली खटले थोडे उभे राहिले, हे खरे. पण त्याचे काम खटल्यांपेक्षा धाकाने अधिक झाले. शहरातल्या बागेत, स्टेशनाच्या आवारात किंवा लॉजच्या दारात दोघांना अडवायचे, घरी कळवण्याची भीती घालायची, घड्याळ आणि पाकीट काढून घ्यायचे, आणि तक्रार करण्यास गेले तर कलमाचा आकडा दाखवायचा, हा प्रकार मुंबई-पुण्यात इतक्या जणांनी भोगलेला आहे की त्यास अपवाद म्हणता येणार नाही. म्हणजे दोन पुरुषांना खोली मिळे, सहज मिळे. अविवाहित स्त्री-पुरुषांना जी मिळत नसे ती त्यांना मिळे. परंतु ती मुकाटपणाच्या अटीवर. गिरणीतल्या त्या दोन जोडीदारांना आमच्या ओसरीवर जो आसरा मिळाला तोही, वडिलांच्या मनात काही नसले तरी, याच अटीवरचा होता, हे आता मला उमगते.

दुसरे नाव सांगून मिळवलेल्या आसऱ्याचे मोल काय असते, हे महाराष्ट्रात एका थोर पुरुषाने लिहून ठेवले आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातले शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी आले, तेव्हा त्यांना शहरात कोणी जागा देईना. अखेरीस ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, आणि तेथील नियमाची अडचण दूर करण्यासाठी वहीत पारशी नाव घातले गेले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. पुढे लिहिलेल्या आठवणींना बाबासाहेबांनी जे शीर्षक दिले ते व्हिसाची वाट पाहणाऱ्या मनुष्याचे आहे; स्वतःच्याच देशात प्रवेशाचा परवाना मागत उभ्या राहिलेल्या मनुष्याचे. जातीचे दुःख आणि माझ्या भाच्याचे दुःख एक आहे असे मी म्हणत नाही. पहिल्यामागे हजारो वर्षांची श्रमाची लूट आहे, पाणी तोडणे आहे, रक्त आहे. त्याच्याशी कशाचीही तुलना करताना हात आखडताच घ्यावा. पण धर्मशाळेची वही तीच आहे, आणि खरे नाव लिहिले तर दार मिटते हा अनुभवही तोच आहे.

आणि त्यावरचा उपायही याच जिल्ह्यात एका फाटक्या गोधडीतल्या माणसाने दाखवून ठेवला. गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, ती ज्यांना इतर कोणत्याही धर्मशाळेच्या पायरीवर चढू दिले जात नसे त्यांच्यासाठी. साने गुरुजींनी विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले आणि दहा दिवसांनी ते सुटले. त्याच्या पुष्कळ आधी गाडगे महाराजांनी निदान निजण्याची जागा खुली करून ठेवली होती. १९४९ साली ती धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत दादरला कर्करोगाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातलगांसाठी चालणारी गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आजही गजबजलेली असते. ज्याला कोठे जागा नाही त्याच्यासाठी आधी जागा करायची आणि मग दुनियेशी भांडायचे, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

हाच क्रम दुसऱ्या खंडांतही दिसतो. अमेरिकेत काळ्या लोकांना वाटेवरच्या खानावळी आणि मुक्कामाची घरे नाकारली जात, तेव्हा न्यू यॉर्कच्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या टपालवाल्याने १९३६ साली एक पुस्तिका काढली, आणि कोणत्या गावी कोणाच्या घरी अपमान न होता रात्र काढता येईल याची यादी त्याने व त्याच्या पश्चात इतरांनी तीस वर्षे चालवली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या बॉब डॅमरन याने १९६४ साली समलिंगी पुरुषांसाठी अशीच पत्त्यांची वही छापली. ती खिशात मावेल एवढी होती. १९७० साली युरोपात 'स्पार्टाकस' नावाची मार्गदर्शिका निघाली. ज्यांच्या प्रवासाचे शास्त्र कोणी लिहीत नाही त्यांना ते स्वतः लिहावे लागते, तोंडी सांगावे लागते, एका हातातून दुसऱ्या हातात द्यावे लागते.

मराठी मुलखात ते काम उशिरा सुरू झाले, पण झाले. विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणले १९८१ साली. ते शोकान्त होते आणि त्या काळी दुसरे काही असणेही कठीण होते. १९९० साली अशोक राव कवी यांनी मुंबईहून 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले. १९९४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापलेल्या संस्थेचे नाव 'हमसफर'. १९९५ साली मुंबईतल्या स्त्रियांनी 'स्त्री संगम' उभे केले, तेच पुढे 'लाबिया' झाले. २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात जी संस्था काढली तिचे नाव 'समपथिक'. या नावांपाशी मी बराच वेळ थांबलो. हमसफर म्हणजे सहप्रवासी. समपथिक म्हणजे एकाच वाटेचा वाटसरू. एक शब्द फारसीतून आलेला, दुसरा संस्कृतातून घडवलेला. पण आपल्या माणसांना कोणत्या नावाने हाक मारावी असा प्रश्न पडल्यावर दोन्ही शहरांतल्या लोकांना प्रवासाचाच शब्द सुचला. घरात ज्यांना नाते सांगता येत नाही ते रस्त्यावर एकमेकांचे होतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्याच २००२ साली गोव्यात वस्त्रकलाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी आपल्या फ्रेंच जोडीदारासह फ्रान्सच्या कायद्यानुसार सहजीवनाचा करार नोंदवला. कोलवाळचा हा गोवेकर २०२० साली वारला. परंतु आपल्या भूमीवर आपल्या नावाने कोणी असे उघडपणे राहू शकतो, एवढे पाहिल्यानेच पुष्कळांना धीर आला असेल.

न्यायालयांची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचली आहे. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ कलमाची नांगी मोडली. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा जोडली. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम कायमचे निकालात काढले. त्या अखेरच्या लढ्यातल्या अर्जदारांपैकी एक, केशव सुरी, हे व्यवसायाने हॉटेलवाले होते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला. त्यामुळे आज भारतात अशा जोडप्याची स्थिती अशी आहे की त्यांचे एकत्र राहणे गुन्हा नाही, आणि त्यांचे नाते कोणत्याही सरकारी रकान्यात बसत नाही.

खोलीचा प्रश्न या दोहोंच्या मध्ये कोठेतरी अडकलेला आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ आणि आक्सा येथील हॉटेलांच्या खोल्यांतून पोलिसांनी स्त्री-पुरुषांच्या जोड्यांना बाहेर काढले, आणि सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचे ११० वे कलम लावून त्यांच्याकडून १२०० रुपये दंड घेतला. बंद दाराआडची खोली सार्वजनिक कशी, याचे उत्तर कोणी दिले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अविवाहित जोडप्याने हॉटेलात एकत्र राहणे कोणत्याही कायद्यान्वये गुन्हा नाही, असे सांगितले. दोन सज्ञान माणसांना, मग ती कोणतीही असोत, खोली देण्यास मनाई करणारा कायदा या देशात नाही. तरीही टेबलामागच्या भिंतीवर 'स्थानिकांना रूम मिळणार नाही' अशी पाटी असते, आणि तिच्या आधाराने ज्याला नको त्याला परत पाठवता येते.

भाच्याच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. परदेशी जायचे तर प्रथम मेकॉलेची सावली कोठवर पडली आहे ते पाहावे. ही दंडसंहिता इंग्रजांनी आपल्या इतर मुलखांतही नेली, आणि पाकिस्तान, बांगलादेश, म्यानमार, मलेशिया या देशांत आजही तिचा आकडा ३७७ च आहे. श्रीलंकेत ते ३६५ वे कलम म्हणून १८८३ पासून बसलेले आहे. सिंगापूरने आपले कलम रद्द करण्याचे विधेयक २०२२ च्या नोव्हेंबरात संमत केले. मालदीव आणि संयुक्त अरब अमिरातींमध्ये कायदा कडक आहे. सहलीच्या जाहिरातींतले निळे पाणी पाहून तो विसरू नये. उलट ज्या देशांवर इंग्रजांचे राज्य नव्हते तेथे मार्ग लवकर मोकळा झाला. तैवानने २४ मे २०१९ पासून विवाहास मान्यता दिली. थायलंडचा कायदा २३ जानेवारी २०२५ रोजी अमलात आला. आणि नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या डिसेंबरातच समान हक्कांचा निर्णय दिला, त्याच्या आधारावर २९ नोव्हेंबर २०२३ रोजी लमजुंग जिल्ह्यात पहिला विवाह नोंदला गेला. नेपाळला जाण्यास आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. सोलापूरच्या दोन पगारदार तरुणांना परवडेल असा, आणि जेथे वरणभात मिळेल असा, तो पहिला परमुलूख आहे.

पण कायद्याची अनुकूलता निराळी आणि माणसांचे आगतस्वागत निराळे. ज्या गावी कायदा सज्जन आहे तेथला कारकून दुर्जन असू शकतो. म्हणून मी त्यांना सांगितले की निघण्यापूर्वी मालकाशी फोनवर स्पष्ट बोला, 'आम्ही दोघे पुरुष, जोडपे आहोत, एक पलंग हवा' असे सांगा, आणि त्याच्या आवाजात क्षणभर जो अडखळ येतो तो ऐका; फोनवर आलेला नकार हा रात्री साडेदहाला आलेल्या नकारापेक्षा केव्हाही बरा. जेथे आपल्यासारखे कोणी आधी जाऊन आले असेल तेथे जा, आणि आल्यावर तुमच्यामागून येणाऱ्यांना सांगा. अनोळखी माणसाशी मोबाइलवर झालेल्या ओळखीच्या भरवशावर एकट्याने कोणाच्या खोलीवर जाऊ नका. कलम गेले तरी पाकीट काढून घेणारे गेलेले नाहीत. गोव्यात लहान घरगुती मुक्काम शोधा, मालकीणबाई स्वतः दार उघडते अशा ठिकाणी. पुण्या-मुंबईत संस्थांचे लोक आहेत, त्यांना विचारण्यात संकोच करू नका.

एवढे सांगून झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, बँकॉक सोपं आहे. अवघड आहे ते आपल्याच जिल्ह्यात एक रात्र राहणं." त्याचे म्हणणे खरे होते. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका मराठी मुलाने यवतमाळला येऊन, आप्तेष्टांच्या उपस्थितीत, आपल्या जोडीदाराशी विवाहविधी केला, तेव्हा त्याला जगातली पुष्कळ सुंदर शहरे उपलब्ध असूनही त्याने आपले गावच निवडले होते. २०२५ च्या जानेवारीत सनडान्सच्या महोत्सवात ज्याला मोठे पारितोषिक मिळाले तो रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपटही, वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी परतलेल्या मुलाचा आहे. मनुष्य कितीही दूर गेला तरी त्याला मुक्काम हवा असतो तो अखेर ओळखीच्या भाषेत.

आमच्या कुंभारीला मुक्काम देण्याचा थोडा अभ्यास आहे, असे मी अभिमानाने म्हणतो. सोलापूरच्या कोंदट चाळींत आणि झोपड्यांत विड्या वळणाऱ्या स्त्रियांसाठी, नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने, या माळावर दहा हजार घरे उभी राहिली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती वसाहत खुली झाली आणि तिला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले गेले. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते इथल्याच रे नगर वसाहतीतल्या पंधरा हजार घरांचे वाटप झाले. एवढी माणसे परक्या माळावर येऊन एकमेकांची शेजारी झाली. भाच्याच्या सोबत्याची आई त्या वसाहतीतलीच. मांडीवरच्या सुपात तेंदूची पाने, तंबाखू आणि दोऱ्याची गुंडी. बोलताना तिची बोटे थांबत नाहीत. मुलाचे कळले तेव्हा ती दोन महिने त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या महिन्यात तिने पुण्याला जाणाऱ्या माणसाबरोबर कडक भाकरीचा डबा पाठवला, आणि डबा दोघांच्या मापाचा होता.

आमच्या घरी तसा अबोला झाला नाही, याचे श्रेय माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला. तिला लिहितावाचता येत नाही. गेल्या माघ वारीच्या आधी तिने पंढरपूरचा ध्यास घेतला, आणि मला गुडघ्यांनी अडवल्यामुळे नातू आणि त्याचा सोबती तिला घेऊन गेले. मुक्कामाच्या ठिकाणी वही पुढे आली. पहिली ओळ आईची झाली. मग कारकुनाने मान वर करून विचारले, "आजी, हे दोघे कोण?" भाचा मला सांगत होता की त्या क्षणी 'मावसभाऊ' हा शब्द त्याच्या ओठांवर आलेला होता. पण आईच आधी बोलली, "दोघंबी माझंच हायत. ह्यो लेकीचा, आन् त्यो ह्यानं आणलेला."

कारकून जरासा थांबला. त्याने एकदा दोघांकडे आणि एकदा आईकडे पाहिले, आणि मग नात्याच्या रकान्यात भाच्याच्या नावापुढे 'नातू' असे लिहून त्याखालच्या ओळीत 'वरीलप्रमाणे' अशी खूण केली. काय लिहिले ते आईने विचारले नाही, कनवटीची पुरचुंडी सोडली, आणि खोलीचे पैसे मोजू लागली.